मारिया तेरेझा ओर्ता, तीन मारिया आणि आपल्या ओळखीचा सालाझार

रुई

४ फेब्रुवारी २०२५ ला लिस्बनमध्ये मारिया तेरेझा ओर्ता वारल्या. वय ८७. कवयित्री, पत्रकार, आणि पोर्तुगालमधल्या स्त्रीवादी चळवळीतलं सगळ्यात भांडखोर नाव. मराठीत कुठे काही वाचलं नाही म्हणून मीच धागा काढतेय, लांबलाय, आधीच सांगते.

सालाझार आपल्याला माहितीये तो गोव्यामुळे. १९३२ ते १९६८ पंतप्रधान, १८ जून १९४६ ला लोहियांना मडगावात धरणारं सरकार त्याचंच, आणि १९६१ ला भारतीय सैन्य आलं तेव्हा शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम सोडणाराही तोच. पण हा माणूस स्वतःच्या देशातल्या बायकांशी कसा वागत होता ते मला तरी अलीकडेपर्यंत धड माहीत नव्हतं. १९३३ च्या त्यांच्या घटनेत सगळे नागरिक समान, फक्त बाईच्या बाबतीत तिचा निसर्ग आणि कुटुंबाचं हित यामुळे होणारे फरक वगळून. आता या एका वाक्यात काय काय बसवता येतं बघा. प्राथमिक शिक्षिकेला लग्न करायचं तर मंत्रालयाची परवानगी, आणि नवरामुलगा चारित्र्याने चांगला आहे, पुरेसं कमावतो याचे दाखले. हॉस्पिटलातल्या नर्सेसना १९६३ पर्यंत लग्नच करता येत नव्हतं. लग्न झालेल्या बाईला १९६९ पर्यंत नवऱ्याच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नव्हतं. न्यायाधीश व्हायचं नाही, परराष्ट्र खात्यात राजदूत वगैरे व्हायचं नाही. चर्चमध्ये लग्न केलं असेल तर १९४० च्या व्हॅटिकनबरोबरच्या करारामुळे घटस्फोट नाही म्हणजे नाही. आणि नवऱ्याने बायकोला परपुरुषाबरोबर पकडून जागीच मारून टाकलं तर शिक्षा काय, तर सहा महिने त्या तालुक्यातून हद्दपार. हे कलम १९७५ ला गेलं, एकोणीसशे पंचाहत्तर!

देव, देश, कुटुंब ही त्या राजवटीची घोषणा. यातलं कुटुंब शेवटी ठेवलंय पण माझ्या मते सगळा डोलारा त्याच्यावरच उभा होता. घरात एक कर्ता ज्याला विचारायचं नाही, आणि देशात एक.

अशात १९३७ साली लिस्बनला ओर्ता जन्मल्या. आईकडून थेट अठराव्या शतकातल्या मार्केझा दी आलोर्ना या कवयित्रीच्या वंशातल्या, म्हणजे घराणं खानदानी. पहिला कवितासंग्रह १९६०, नंतर 'पोएझिया ६१' नावाने ओळखल्या गेलेल्या तरुण कवींच्या गटात होत्या, सिने-क्लबचं काम, वर्तमानपत्राची साहित्य पुरवणी, असं सगळं चालू होतं. १९७१ ला 'मिन्या सेन्योरा दे मिं' आला (ढोबळपणे 'माझी मीच मालकीण'). त्यात त्यांनी काय केलं तर मध्ययुगीन पोर्तुगीज गीतांचा एक जुना प्रकार घेतला, ज्यात पुरुष कवी बाईच्या आवाजात विरहाची गाणी लिहायचे, आणि तो आवाज बाईने परत घेतला. बाई पुरुषाच्या शरीराबद्दल बोलतेय, तिला काय हवंय ते सांगतेय, झुरत बसलेली नाहीये. पोलिसांनी पुस्तक उचललं. प्रकाशिका स्नू आबेकासिश, मूळच्या डॅनिश, त्यांना दम दिला की या बाईचं परत काही छापलंत तर प्रकाशनच बंद करू. आणि ओर्तांना रस्त्यात तीन पुरुषांनी गाठून मारलं, असं लिहितेस त्याची ही अद्दल म्हणून.

त्या मार खाऊन मैत्रिणींना भेटल्या. मैत्रिणी म्हणजे मारिया इझाबेल बारेनो आणि मारिया व्हेल्यो दा कॉश्ता, दोघीही लेखिका. तिघी तिशीतल्या, लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या, आठवड्यातून एकदा एकत्र जेवायच्या. त्यात व्हेल्यो दा कॉश्ता म्हणाल्या की एका बाईने एवढी खळबळ होते तर तिघींनी मिळून लिहिलं तर काय होईल. झालं. दर आठवड्याला प्रत्येकीने काहीतरी लिहून आणायचं आणि एकमेकींना वाचून दाखवायचं. आधाराला घेतली १६६९ साली पॅरिसला छापली गेलेली पाच पत्रं, बेजा गावच्या मठातली मारियाना आल्कोफोरादो ही जोगीण तिला सोडून गेलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याला लिहिते ती. (ती पत्रं खरी तिची की कुणा फ्रेंच पुरुषानेच लिहिली यावर अभ्यासकांची भांडणं आहेत, बहुतेक जण आता दुसऱ्या बाजूला आहेत.) त्यातून पत्रं, कविता, गोष्टी, निबंध असे १२० तुकडे झाले. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहती राखायच्या युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या बायका, फ्रान्सला मजुरीला गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायका, बलात्कार, गर्भपात, सगळं आहे त्यात. कुठल्याच तुकड्याखाली सही नाही. एप्रिल १९७२ ला 'नोव्हाश कार्ताश पोर्तुगेझाश', म्हणजे नवी पोर्तुगीज पत्रं, बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत जप्त झालं. गुन्हा अश्लीलता आणि सार्वजनिक नीतिमत्तेला धक्का.

पोलिसांनी तिघींना वेगवेगळं बसवून विचारलं की त्यातले 'ते' भाग कुणी लिहिले. एकीनेही सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. तिघींपैकी आता कुणीच हयात नाही (बारेनो २०१६ ला गेल्या, व्हेल्यो दा कॉश्ता २०२० ला) आणि कुणी काय लिहिलं ते त्यांनी कधीच जाहीर केलं नाही.

खटल्याचं पुढे लिहिते, आत्ता कुकर लावायचाय.

निवांत_नंदू

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मांडवीकाठ

मस्त धागा गो बाय. आमच्या आजोबांकडून ऐकलेलं की तेव्हा गोव्यात लग्नपत्रिका पण सेन्सॉरकडून पास करून आणायला लागायची, शिक्का नसेल तर छापखानेवाला हातच लावायचा नाही. आम्ही लहानपणी हसायचो की लग्नपत्रिकेत सालाझारविरुद्ध काय असणार? पण तुझ्या त्या 'देव, देश, कुटुंब' घोषणेवरून आता कळतंय की लग्न हा पण सरकारचाच विषय होता.

आणखी एक. गोवा मुक्तीच्या लढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना जिथे नेऊन ठेवलेलं तो पेनिशचा किल्ला म्हणजे पोर्तुगालच्या स्वतःच्या राजकीय कैद्यांचाच तुरुंग. आणि आपले मोहन रानडे १९६९ च्या जानेवारीत सुटले ते लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यातून. तेच पोलीस, तेच तुरुंग. आमच्याकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या गोष्टींत पोर्तुगीज म्हणजे एकगठ्ठा शत्रू असतो, आतमध्ये त्यांचेच लोक सडत होते हे कोण सांगत नाही.

पावशेर

लेख चांगला आहे, ओघवता आहे, पण मला एक शंका आहे आणि ती जरा बोचरी वाटेल. याला हुकूमशाहीविरोधी लढा म्हणायचं तर वर मांडवीकाठ यांनी लिहिलेत ते लोक वर्षानुवर्षं कोठडीत होते, कम्युनिस्ट पक्षाच्या लोकांना दिवसेंदिवस झोपू न देता उभं करायचे, पोर्तुगालच्या अलेंतेजू भागात १९५४ ला काटारिना युफेमिया नावाच्या शेतमजूर बाईला मजुरी वाढवून मागताना गोळी घातली. आणि इकडे तीन सुशिक्षित, वरच्या वर्गातल्या बायका रेस्टॉरंटमध्ये जेवता जेवता शृंगारिक लिखाण करतात, जामिनावर बाहेर असतात आणि पॅरिस न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासाठी मोर्चे निघतात. शूर होत्या, मान्य. पण अश्लीलतेचा खटला आणि राजद्रोहाचा खटला एकाच तागडीत कसा घालणार?

काजूबोंड

पावशेर, आलात का. बायकांनी लिहिलं की शृंगारिक लिखाण, पुरुषाने लिहिलं की बंडखोर साहित्य :)

पावशेर

मी असं म्हटलेलं नाही. तागडीबद्दल विचारलंय.

रुई

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर खटल्यातच आहे म्हणून आधी खटला सांगते.

सालाझार १९६८ ला खुर्चीवरून पडला, मेंदूला मार, आणि त्याच्या जागी मार्सेलु काएतानु आला. सुधारणा होणार सुधारणा होणार असा गाजावाजा होता, पण झालं काय तर गुप्त पोलिसांचं 'पिदे' हे नाव बदलून 'दे-जे-एस' केलं आणि सेन्सॉरला 'पूर्वतपासणी' म्हणायला लागले. सेन्सॉरची निळी पेन्सिल तीच. या पार्श्वभूमीवर पुस्तक छापायला तयार झाली एश्तूदियोश कोर ही संस्था, तिथे संपादनाचं काम नाताल्या कोर्रेया बघत होत्या. त्यांना काटछाट करायला सांगितलेली, त्यांनी एक ओळ कापली नाही. आणि ही बाई काही सुरक्षित जागी बसून शौर्य दाखवत नव्हती, तिच्यावर स्वतःवर आधीच एका कवितासंकलनासाठी खटला होऊन स्थगित शिक्षा झालेली होती.

पुस्तकाची प्रत फ्रान्सला पोचली. सिमोन द बोव्हुआर, मार्गरित द्युरास, क्रिस्तियान रोशफोर या फ्रेंच लेखिकांनी विषय उचलला. जून १९७३ ला अमेरिकेत बॉस्टनजवळ केंब्रिजला बायकांची आंतरराष्ट्रीय परिषद होती, तिथे हा खटला सगळ्यांनी मिळून लढायचा असं ठरलं. मग वेगवेगळ्या देशांत पोर्तुगीज वकिलातींसमोर निदर्शनं. सरकारची पंचाईत अशी की आफ्रिकेतल्या युद्धावरून आधीच जगभर छी थू चाललेली. ऑक्टोबर १९७३ ला खटला उभा राहिला आणि तारखांवर तारखा पडत गेल्या.

आणि मग २५ एप्रिल १९७४. आफ्रिकेतलं युद्ध जिंकता येणार नाही हे कळून चुकलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी एका दिवसात राजवट पाडली, बंदुकीच्या नळीत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली, तो सगळा प्रसिद्ध प्रकार. पेनिश, काशियाश रिकामे झाले. राजकीय कैदी सुटले, पण तिघींचा खटला आपोआप रद्द नाही झाला! कारण तो कागदोपत्री राजकीय नव्हताच ना. नैतिकतेचा होता. त्यांना परत कोर्टात निकालाला उभं राहावं लागलं आणि ७ मे १९७४ ला निर्दोष सुटल्या, न्यायाधीशांनी पुस्तकाच्या साहित्यमूल्याची तारीफ पण केली.

पावशेर, तुमच्या तागडीला माझं उत्तर हेच. अश्लीलतेचं कलम लावण्यातच सोय होती. राजद्रोह लावला तर पुस्तकात राजकारण आहे हे मान्य करावं लागलं असतं, युद्ध आहे, गरिबी आहे, घरातली मारझोड आहे हे कोर्टात वाचावं लागलं असतं. अश्लील म्हटलं की काम झालं, कुणी बाजू घ्यायला येत नाही, सभ्य विरोधक सुद्धा. आणि राजवट गेली तरी तो डाग कलमासकट शिल्लक राहतो.

सदाशिवपेठी

१९७२ लाच इकडे सखाराम बाइंडरवर नैतिकतेच्या नावाने सेन्सॉरची बंदी आलेली, तीही हायकोर्टात जाऊन उठवावी लागली. आणि इकडे तर हुकूमशाही पण नव्हती. असो, अवांतर झालं.

लिस्बनकर

मी कामानिमित्त काही वर्षं इथे आहे, म्हणून थोडी भर. इथे २५ एप्रिल म्हणजे दिवाळी असते, रस्ते भरतात, प्रत्येकाच्या शर्टाला लाल फूल. पण १३ जानेवारी १९७५ ची तारीख कुणाला विचारा, बऱ्याच जणांना माहीत नसते.

क्रांतीनंतर ओर्ता आणि बारेनो यांनी 'स्त्रीमुक्ती आंदोलन' नावाची संघटना काढली. त्यांनी एदुआर्दु सातवा पार्कमध्ये छोटा कार्यक्रम ठरवला, तीन बायका तीन वेष करून येणार, नवरी, गृहिणी आणि मदालसा, आणि बायकांच्या गुलामीच्या वस्तू जाळणार, म्हणजे झाडू, धुळीची फडकी, नागरी कायद्याची प्रत, अश्लील मासिकं असलं. आधी पेपरात बातमी अशी आली की बायका कपडे काढणार, ब्रेसियर जाळणार. तर हजारो पुरुष जमले. बायका मूठभर. पुरुषांनी त्यांना घेरलं, घाणेरडं बोलले, अंगावर हात टाकले, कपडे ओढले, लहान मुलंबरोबर असलेल्या बायका होत्या त्यात. हे सालाझारचे पोलीस नव्हते हो. नऊ महिन्यांपूर्वी रणगाड्यांवर चढून स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या शहरातलेच पुरुष होते ते.

मला वाटतं पावशेर यांच्या प्रश्नाचं हे पण एक उत्तर आहे. तो कम्युनिस्ट, हा समाजवादी, तो सैनिक, यांची लढाई २५ एप्रिलला संपली. या बायकांची तेव्हा कुठे अर्धी झालेली.

पावशेर

पार्कातली हकिगत माहीत नव्हती, भयंकर आहे. तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. ओर्ता स्वतः पुढे कम्युनिस्ट पक्षात गेल्या ना? म्हणजे त्यांनाही पक्ष, संघटना, कामगार हे लागलंच.

रुई

गेल्या, क्रांतीनंतर, आणि चौदाएक वर्षं राहिल्या. पक्षाशी जवळीक असलेल्या 'मुल्येरेश' (बायका) या मासिकाच्या मुख्य संपादक होत्या. पण मुद्दा असा की पक्षातही त्या गर्भपाताचा, शरीराचा विषय सोडायला तयार नव्हत्या. १९७५ लाच त्यांनी आणखी दोघींबरोबर गर्भपाताच्या हक्कावर पुस्तक काढलं, तेव्हा तिथे गर्भपात सरळ गुन्हा होता आणि चोरून करताना बायका मरत होत्या. क्रांतिकारी सरकारांना देखील हे आत्ता नको, आधी मोठे प्रश्न सोडवू असं वाटत होतं. मोठे प्रश्न सोडवता सोडवता २००७ उजाडलं, त्या वर्षीच्या सार्वमतानंतर दहा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर झाला. त्याआधी १९९८ चं सार्वमत थोडक्यात हरले होते.

आणि तिघी काही एकाच साच्यातल्या नव्हत्या. व्हेल्यो दा कॉश्ता खटल्यानंतर चळवळीपासून बाजूला झाल्या, त्यांना ती दिशा पटली नाही. मला हे उलट आवडतं, इतकं मतभेद होऊन सुद्धा कुणी काय लिहिलं ते गुपित एकीनेही फोडलं नाही. भांडण झाल्यावर पहिल्यांदा काय बाहेर येतं ते आपण सगळे जाणतो, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट.

मांडवीकाठ

परत आलो. लिस्बनकरांनी नागरी कायदा जाळायची गोष्ट लिहिली म्हणून राहवत नाही. गोव्यात आजही १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आहे, ज्याचं देशभर समान नागरी कायदा म्हणून कौतुक चालतं. त्यात चांगलं आहेच, लग्नानंतर मालमत्ता दोघांची अर्धीअर्धी, मुलींना वाटा, माझ्या आईला त्याचा फायदा झालाय. पण त्याच कायद्यात त्या सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे दिलेला. आणि हिंदूंसाठी १८८० चा वेगळा हुकूम, बायकोला ठराविक वयापर्यंत मूल झालं नाही किंवा मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा. वापरत कोण नाही, पण पुस्तकात आहे. खुद्द पोर्तुगालने तो कायदा साठच्या दशकातच बदलला, त्या नव्यात पण नवरा कुटुंबप्रमुखच होता, तो भाग क्रांतीनंतर १९७७ ला काढला. म्हणजे ज्या कायद्याविरुद्ध त्या बायका ओरडत होत्या त्याच्याही बापाचा कायदा आमच्याकडे आहे.

आणि जाता जाता, पोर्तुगालने गोवा भारताचा हे लेखी मान्य केलं तेही क्रांतीनंतरच, ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत. सही करायला तिकडून त्यांचे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरेश आणि इकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण.

निवांत_नंदू

यशवंतरावांचं माहीत नव्हतं! शाळेत १९ डिसेंबर १९६१ ला गोष्ट संपवतात.

काजूबोंड

रुई, ओर्तांनी पंतप्रधानाच्या हातून बक्षीस न घेतल्याचं पण लिही ना. मला त्यांच्याबद्दल तेवढंच ठाऊक होतं.

रुई

हो, ते राहिलंच. त्या आलोर्ना या आपल्या पूर्वज कवयित्रीवर त्यांनी कितीतरी वर्षं खपून एक जाडजूड कादंबरी लिहिली, २०११ ला आली, दी. दिनिश पुरस्कार मिळाला. २०१२ ला समारंभ ठरला तेव्हा पुरस्कार द्यायला पंतप्रधान पासुश कोएल्यु येणार होते. तो काळ युरोपातल्या कर्जसंकटाचा, पगार पेन्शन कापणं चालू होतं. ओर्ता म्हणाल्या पुरस्कार घेते पण देशाची वाट लावणाऱ्या माणसाच्या हातून घेणार नाही. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या. पुढे २०१७ ला एका मोठ्या पुरस्कारात चौथं स्थान विभागून दिलं, तेही घेतलं नाही. काही लोकांना हा अहंकार वाटला. असेलही थोडा. मला विचाराल तर विभागून मिळालेल्या चौथ्या नंबरला नाही म्हणायला चांगलाच अहंकार लागतो आणि बायकांकडे तो असायला माझी काही हरकत नाही.

सदाशिवपेठी

पुस्तक कुठे मिळेल? पोर्तुगीज येत नाही.

रुई

इंग्रजी अनुवाद १९७५ पासून आहे, 'द थ्री मारियाज' नावाने शोधा, जुन्या प्रती महाग असतात, मोठ्या विद्यापीठांच्या लायब्ररीत विचारून बघा. कादंबरी समजून सलग वाचायला घेऊ नका, वैताग येईल, कारण मध्येच शतकं बदलतात, मारियानाची भाची येते, मग तिची कुणीतरी वंशज येते, मग एकदम अंगोल्यातल्या सैनिकाला बायकोचं पत्र. कुठूनही उघडा. सैनिकांच्या आणि मजुरांच्या बायकांच्या पत्रांपासून सुरुवात करा, शृंगाराकडे नंतर या, पावशेर यांच्यासाठी तर खास हाच क्रम.

पावशेर

नोंद घेतली. वाचून इथेच भांडायला येतो.